पडद्यावर वळते, पाण्यात वळेल का?

११ फेब्रुवारी १९६९ रोजी क्युबातील ग्वांतानामोजवळच्या समुद्रात ‘यूएसएस चॉपर’ ही अमेरिकी पाणबुडी सरावात होती. खोली पन्नास मीटरच्या आत, वेग बेताचा, सगळे नेहमीसारखे. अचानक वीज गेली आणि पाणबुडीचे नाक खाली झुकू लागले. झुकत झुकत ते ४५ अंशांपर्यंत गेले. जेमतेम सव्वाशे मीटर खोलीसाठी बांधलेली ही पाणबुडी. तिचे नाक ३०० मीटरच्याही खाली पोहोचले. आतल्या लोकांनी प्रोपेलर उलटे फिरवले, टाक्यांतले पाणी हवेच्या दाबाने बाहेर फेकले. मग उलटाच खेळ सुरू झाला. नाक वर उचलले गेले, पाणबुडी जवळजवळ उभी राहिली, कोन ८३ अंश, आणि तशीच पाणी फोडून बाहेर उसळली. माणसे वाचली. पाणबुडी मात्र त्याच वर्षी सेवेतून काढली गेली.

पाण्याखाली जाणे हा पाणबुडीचा व्यवसायच आहे. घात होतो तो हवे तिथे थांबता न आल्याने, हवे तेवढेच वळता न आल्याने. सुकाणू दहा अंश फिरवले तर ती किती मीटरच्या वर्तुळात वळेल, वळताना किती कलंडेल, शेपटीकडचे पंख अडकले तर सावरायला किती सेकंद मिळतील, हे सगळे ती बांधण्याआधी कळायला हवे. बांधून झाल्यावर कळले तर फक्त हळहळता येते.

पूर्वी हे कळायचे ते टाकीतून. विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्याने १८७२ च्या सुमारास टॉर्की येथे जहाजांच्या छोट्या प्रतिकृती ओढून पाहण्यासाठी लांबलचक टाकी बांधली. जगभरच्या ‘टोइंग टँक’ची परंपरा तिथून सुरू होते. अशी चाचणी खर्चिक असते आणि टाकीचा नंबर लागायला वेळ जातो. आज तेच काम संगणकावर करता येते. वाहनाची आकृती संगणकात भरायची, भोवती आभासी पाणी सोडायचे आणि बल मोजायचे. याला संगणकीय द्रवगतिकी म्हणतात. कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत सगळे नुसते ‘सीएफडी’ म्हणतात. पडद्यावर निळ्यापासून लालपर्यंत रंगांचे पट्टे उमटतात, शेपटीमागे भोवरे गिरक्या घेतात. चित्र इतके देखणे असते की बैठकीत कोणी प्रश्न विचारत नाही. या क्षेत्रातली मुरलेली मंडळीच थट्टेने या विद्येला ‘रंगीत द्रवगतिकी’ म्हणतात, हे मात्र बैठकीत कोणी सांगत नाही.

या चित्रांवर किती भरवसा ठेवायचा, हा प्रश्न आता तज्ज्ञांपुरता राहिलेला नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये ४,०७७ कोटी रुपयांच्या खोल समुद्र मोहिमेला मंजुरी दिली. चेन्नईची राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था तीन माणसांना ६,००० मीटर खोल नेणारे ‘मत्स्य ६०००’ घडवते आहे. नौदलासाठी मानवरहित पाणवाहने तयार होत आहेत. पैसा करदात्यांचा आहे, आणि या प्रत्येक वाहनाचे पहिले रूप संगणकाच्या पडद्यावरच उमटते. तेव्हा उत्तर स्पष्ट द्यायला हवे. वाहन सरळ जात असेल तर सीएफडीवर बराच भरवसा ठेवावा. ते वळत असेल तर मोजलेला आकडा शेजारी मांडल्याशिवाय ठेवू नये. आपल्याकडे नेमका हा मोजलेला आकडा सर्वांसमोर येत नाही.

आधी सीएफडीची बाजू, कारण तिची ताकद खरी आहे. शिवाय या कथेत एक पुणेकर मध्यभागी उभा आहे. द्रवाच्या हालचालीची समीकरणे नाविए या फ्रेंच अभियंत्याने १८२२ मध्ये मांडली आणि स्टोक्सने १८४५ मध्ये ती पक्की केली. पण ती कागदावर सोडवता येतात ती अगदी साध्या प्रसंगांत. संगणक आल्यावर पाण्याचे लाखो बारीक कप्पे पाडून प्रत्येकात हिशेब करणे शक्य झाले. तरी गाडी दाबापाशी अडत असे. पाणी दाबून आक्रसत नाही, त्यामुळे दाब काढायला वेगळे समीकरणच हाती नसते. पुण्यात जन्मलेले, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात आणि मग आयआयटी मुंबईत शिकलेले सुहास पाटणकर लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात ब्रायन स्पाल्डिंग यांच्याबरोबर काम करत होते. दोघांनी १९७२ मध्ये मार्ग काढला. दाबाचा आधी अंदाज करायचा, त्यावरून वेग काढायचे, मग कोणत्या कप्प्यात पाणी जास्तीचे साचते आहे आणि कुठे कमी पडते आहे ते पाहून दाब दुरुस्त करायचा. हिशेब जुळेपर्यंत हेच पुन्हा पुन्हा. या रीतीचे नाव ‘सिंपल’. पाटणकर पुढे अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात गेले आणि १९८० मध्ये आलेले त्यांचे पुस्तक या विषयातल्या कितीतरी पिढ्यांचे पहिले पुस्तक ठरले. आजही बाजारातल्या बहुतेक प्रणालींत ही रीत किंवा तिची भावंडे असतात. ‘ओपनफोम’ या मोफत प्रणालीत तर एका मुख्य सोडवणूक-कार्यक्रमाचे नावच ‘सिंपलफोम’ आहे. आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पाने ती प्रणाली देशभरच्या विद्यार्थ्यांपर्यंत नेली. लाखोंचा परवाना घेण्याची ऐपत नसलेल्या महाविद्यालयातला मुलगाही आज घरच्या संगणकावर पाणबुडीभोवती पाणी सोडू शकतो.

सोडू शकतो, पण नीट सोडायला चिकाटी लागते. अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात ‘सबऑफ’ नावाची पाणबुडीची आकृती तयार करवून घेतली. लांबी ४.३५६ मीटर, जास्तीत जास्त व्यास ०.५०८ मीटर. ही प्रतिकृती साडेसहा नॉट वेगाने जाते असे धरले, तर तिच्या कातडीला चिकटून वाहणाऱ्या पाण्याचा थर नीट पकडण्यासाठी कप्प्यांचा पहिला पदर एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका पातळ लागतो. माणसाचा केस त्याच्या पाच-सात पट जाड. तिथून बाहेर जाताना प्रत्येक पदर आधीच्यापेक्षा किंचित जाड करत न्यायचा. नाकाशी, पंखांच्या कडांशी आणि शेपटीमागे पुन्हा दाटी करायची. पंख जिथे मूळ देहाला मिळतो त्या कोपऱ्यात कप्पे वेडेवाकडे होतात आणि नवख्याचे दिवसच्या दिवस तिथेच जातात. ही जाळी विणणे म्हणजे अर्धी सीएफडी. ती कशी विणली हे ज्या अहवालात लिहिलेले नसते, त्यातल्या रंगीत चित्राला किंमत देऊ नये.

एवढे करून सरळ रेषेतला रोध बऱ्यापैकी अचूक निघतो. अनुभवी हाताखाली टाकीतल्या आकड्याशी काही टक्क्यांच्या फरकाने जुळतो. बॅटरी किती लागेल, एका चार्जमध्ये वाहन किती दूर जाईल, ही उत्तरे त्यावर मिळतात. अडचण वळणापासून सुरू होते.

ती समजून घ्यायची तर समुद्र सोडून आकाशात पाहावे लागते. २४ ऑगस्ट १९२१ रोजी ब्रिटनचे ‘आर ३८’ हे प्रचंड हवाई जहाज इंग्लंडमधील हल शहरावर वळणाच्या चाचण्या देत होते. सुकाणू झपाट्याने इकडून तिकडे फिरवले जात होते. पाहता पाहता जहाजाचे दोन तुकडे झाले आणि ते हंबर नदीच्या मुखात कोसळले. ४९ पैकी ४४ जण गेले. चौकशीत निघाले की सांगाड्याची रचना करताना हवेच्या बलांचा हिशेबच धरलेला नव्हता. तीन वर्षांनी, १९२४ मध्ये, अमेरिकेत काम करणाऱ्या माक्स मुंक या जर्मन शास्त्रज्ञाने हवाई जहाजांच्या देहावरील बलांवर निबंध लिहिला. निमुळता, लांबट देह प्रवाहात जरा तिरका झाला की प्रवाह त्याला सरळ करत नाही. आणखी आडवा करू पाहतो. या आडवे पाडणाऱ्या बलयुग्माला मुंकचे नाव मिळाले. पाणबुडीचा देह हवाई जहाजासारखाच निमुळता, म्हणून तिलाही हाच शाप आहे. शेपटीचे पंख तो कसाबसा आवरतात. पंख छोटे ठेवले तर वाहन सरळ राहत नाही, मोठे केले तर वळायला तयार होत नाही.

यातून काढायचा आकडा मोठा अवघड. नाकाकडचा भाग वाहनाला एका दिशेने फिरवू पाहतो, शेपटी उलट दिशेने. दोन्ही बले मोठी आणि वाहन प्रत्यक्षात किती वळणार हे ठरते त्यांच्या लहानशा वजाबाकीवर. मूळ बलांत पाच टक्क्यांची चूक राहिली तर वजाबाकीत ती तीस-चाळीस टक्के होऊन बसू शकते. रोधाचा आकडा उत्तम जुळलेली जाळी वळणाच्या आकड्यात तोंडघशी पडते ती इथे.

दुसरे, वळणात वाहन प्रवाहाला तिरके असते. मग पाणी देहाला चिकटून राहत नाही. आडोशाच्या बाजूला ते सुटते आणि दोन लांब भोवरे वळत मागे जातात. माथ्यावरच्या उभ्या मनोऱ्यावरून आणखी एक भोवरा निघतो. वळणात हा मनोरा पंखासारखा वागतो, म्हणून पाणबुडी आतल्या बाजूला कलंडते आणि तिची खोलीही आपोआप बदलू लागते. सुकाणू फक्त डावी-उजवीकडे फिरवलेले असले तरी. हे भोवरे पुढे शेपटीच्या पंखांवरून जातात आणि पंखांचे बल बदलून टाकतात. पाणी देहापासून नेमके कोणत्या रेषेवर सुटते, यावर सगळे अवलंबून आणि ती रेषा सांगायला सीएफडी कचरते. कारण रोजच्या वापरातली सीएफडी पाण्याची प्रत्येक खळबळ मोजत नाही. ऑसबोर्न रेनॉल्ड्सने १८९५ मध्ये दाखवल्याप्रमाणे ती सरासरी घेते आणि सरासरीत हरवलेल्या खळबळीची भरपाई एका ठोकताळ्याने करते. त्याला टर्ब्युलन्स मॉडेल म्हणतात. असे ठोकताळे डझनावारी आहेत, प्रत्येकाची जात वेगळी. फ्लोरियान मेंटर यांचे १९९४ चे मॉडेल या कामात लोकप्रिय आहे. तरी तेही भोवरे लवकर विरघळवून टाकते. भोवरा शेपटीपर्यंत पोहोचण्याआधीच पडद्यावर मवाळ झाला, तर पंखावरचे बल चुकीचे निघणार हे उघड आहे. खळबळ थेट मोजणाऱ्या रीतीही आहेत. पण खऱ्या आकाराच्या, वेगात जाणाऱ्या पाणबुडीसाठी त्यांना लागणारी संगणकशक्ती अजून रोजच्या वापरात परवडत नाही.

मग अभियंते करतात काय? अमेरिकी नौदलाच्या डेव्हिड टेलर केंद्रातील गर्टलर आणि हेगन यांनी १९६७ मध्ये पाणबुडीच्या हालचालीची प्रमाण समीकरणे प्रसिद्ध केली. त्यांत डझनावारी गुणांक आहेत. आडव्या वेगामुळे किती बल, वळण्याच्या वेगामुळे किती बलयुग्म, पंख एक अंश फिरवला तर किती, वाहन एकदम हलवताना सोबत ढकलावे लागणारे पाणी किती. हे गुणांक मिळाले की वाहनाची कुठलीही कसरत साध्या संगणकावर क्षणात करून पाहता येते. पूर्वी ते मिळवण्यासाठी प्रतिकृती टाकीत तिरकी ओढत, झुलवत, फिरत्या दांड्याला बांधून गोल फिरवत. मेरिलँडमधल्या अशा गोल टाकीचा व्यास २६० फूट आहे. आता तिरकी ओढ, झुला आणि गोल फेरी संगणकातच होते. तिथे प्रतिकृती बांधावी लागत नाही, दांड्याचा अडथळा नाही आणि टाकीत सहज न जमणारे कोनही जमतात. सीएफडीने या क्षेत्राला दिलेली ही खरी देणगी. ती नाकारणारा माणूस पुन्हा पाटी-पेन्सिल घेऊन बसू शकतो.

गोव्यातले उदाहरण पाहण्यासारखे आहे. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने लिस्बनच्या संशोधकांच्या सहकार्याने ‘माया’ हे छोटे स्वयंचलित पाणवाहन घडवले. लांबी पावणेदोन मीटरच्या आसपास, व्यास २३ सेंटिमीटर, वजन सुमारे ५५ किलो, जाणार २०० मीटर खोल. २००८ मध्ये ब्राझील, पोर्तुगाल आणि गोवा इथल्या संशोधकांनी मिळून मायाचे गुणांक कसे काढावेत यावर निबंध प्रसिद्ध केले. एका बाजूला विमानशास्त्रातून आलेली, अनुभवावर घासलेली सूत्रे. दुसऱ्या बाजूला सीएफडी. थोड्या कोनांपर्यंत सूत्रांवर भागते. कोन वाढला, पाणी सुटू लागले की सीएफडीकडे जावे लागते. आधी स्वस्त सूत्र, ते थकले की महाग गणित, ही विद्वत्तेपेक्षा व्यवहाराची शहाणी वाट आहे आणि ती आपल्याच किनाऱ्यावरच्या वाहनाने चोखाळली.

आपल्या गणिताची मर्यादा मान्य करण्याचा प्रामाणिकपणा अमेरिकेतही सापडतो. एमआयटी आणि वुड्स होल या संस्थांत टिमोथी प्रेस्टेरो याने २००१ मध्ये ‘रीमस’ या छोट्या पाणवाहनाचे गणिती रूप प्रबंधात मांडले. सूत्रांतून गुणांक काढले, समुद्रातल्या चाचण्यांशी ताडून पाहिले आणि जुळत नव्हते ते काही गुणांक जुळवून घेतले. हे त्याने लपवले नाही. जगभरचे विद्यार्थी आजही तो प्रबंध समोर ठेवून काम करतात. त्याच घराण्यातल्या थोरल्या ‘रीमस ६०००’ वाहनांनी एप्रिल २०११ मध्ये अटलांटिकच्या तळाशी, सुमारे ३,९०० मीटर खोलीवर, एअर फ्रान्सच्या ४४७ क्रमांकाच्या विमानाचे अवशेष शोधले. हे काम शेत नांगरण्यासारखे असते. सरळ तास, टोकाला वळण, पुन्हा सरळ तास. वळणात घेतलेली सोनार-चित्रे वेडीवाकडी येतात, म्हणून वळण जितके नेटके तितका जास्त तळ एका बॅटरीत पाहून होतो. वाहन किती चपळ वळते, हा प्रश्न कागदोपत्री वाटतो तितका कोरडा नाही तो असा.

पडद्यावर न दिसणाऱ्या गोष्टी आणखी आहेत. संगणकातली आकृती गुळगुळीत असते. खऱ्या वाहनावर उचलण्याची कडी असते, उपग्रहाची अँटेना असते, कुणीतरी शेवटच्या आठवड्यात बसवलेला सेन्सर असतो, त्याला चिकटपट्टीने बांधलेली केबल असते. यातले काहीच जाळीत नसते. पाणीही बदलते. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड. धरणाच्या जलाशयात समतोल साधलेले ५५ किलोचे वाहन अरबी समुद्रात उतरवले की त्याला वर ढकलणारे बल सव्वा-दीड किलोने वाढते. शिसे घालून ते बसवावे लागते. थोडे चुकले आणि वाहन पूर्ण वेगात असेल तर पंख ते निभावून नेतात. पण वेग निम्मा झाला की पंखांचे बल पावपट होते आणि चुकलेले वजन तेवढेच राहते. मग वाहन नाक वर किंवा खाली करून रडतखडत जाते आणि प्रयोगशाळेत सगळे सीएफडीला दोष देत बसतात.

पाणबुड्यांत तर याहून चमत्कारिक प्रकार घडतो. फार मंद वेगात शेपटीचे पंख वर चढण्यासाठी फिरवले, तरी पाणबुडी खाली जाते. कारण वर चढायचे तर आधी शेपटी खाली दाबावी लागते. वेग असेल तर नाक उचलले जाते आणि सगळ्या देहाला पाणी वर ढकलते. वेग नसेल तर ते ढकलणे पुरत नाही आणि शेपटी दाबणारे बलच जिंकते. हा उंबरठा कोणत्या वेगावर येतो हे त्याच गुणांकांवरून काढतात. तिथे चूक झाली तर सुकाणूवरच्या माणसाला वर जाण्याची कळ खाली नेताना दिसेल.

तर मुद्दा मोजलेल्या आकड्यांचा. ‘सबऑफ’चे मोल तिच्या आकारात नाही. अमेरिकेने ती आकृती १९८९ मध्ये इंचा-इंचाच्या सूत्रांसह जाहीर केली आणि पुढे टाकीतले आकडेही जाहीर केले, यात आहे. तेव्हापासून ज्याला सीएफडी येते असे म्हणायचे असेल, त्याने आधी सबऑफवर हात चालवून दाखवायचा, अशी जगाची रीत पडली. ऑस्ट्रेलियाची वाट वेगळी. तिथल्या ‘कॉलिन्स’ वर्गाच्या पाणबुड्या नव्वदच्या दशकात आल्या आणि देहावरून, मनोऱ्यावरून वाहणाऱ्या पाण्याच्या गोंगाटामुळे वर्तमानपत्रांत गाजल्या. मेलबर्न विद्यापीठातले प्राध्यापक पीटर जुबेर, जे शिडाच्या बोटी रेखाटण्यातही नामांकित होते, त्यांनी त्यानंतर संरक्षण संशोधन विभागासाठी पाणबुडीची एक सर्वसाधारण आकृती काढली आणि तिचे अहवाल सर्वांसाठी खुले झाले. नेदरलँड्सच्या ‘मारिन’ संस्थेत तिची सुधारित रूपातली, पावणेचार मीटरच्या घरातली प्रतिकृती स्वतःच्या प्रोपेलरवर मोकळी सोडून वळवून पाहिली गेली. आज अनेक देशांचे गट तिच्यावर आपापले गणित तपासतात. कुणाचेही लष्करी गुपित फुटलेले नाही. ती कोणाचीच पाणबुडी नाही, म्हणूनच ती सगळ्यांच्या उपयोगाची.

जहाजांच्या बाबतीत याहून कडक परीक्षा झाली आहे. २००८ मध्ये कोपनहेगनला ‘सिमॅन’ ही कार्यशाळा भरली. वेगवेगळ्या देशांच्या गटांनी ठरवून दिलेल्या जहाजांच्या वळणांचे भाकीत आधी पाठवायचे, चाचणीचे आकडे नंतर उघडायचे. निकालांत मोठी पांगापांग दिसली. एकाच जहाजाला कुणी फार चपळ ठरवले, कुणी फार आळशी. त्यावरून कुणाचे नाक कापले गेले नाही. कोणती रीत कुठे चुकते ते कळले आणि पुढच्या कार्यशाळांत काम पुढे गेले. उत्तर आधी पाहून मग जुळवलेले भाकीत आणि उत्तर झाकून केलेले भाकीत यांत काय फरक असतो, हे दहावीच्या मुलालाही सांगायला नको.

भारतात साधनांची वानवा नाही. विशाखापट्टणमच्या नौदल विज्ञान प्रयोगशाळेत ५०० मीटर लांबीची टोइंग टाकी आहे आणि जहाजांना मोकळे वळवून पाहण्याचा वेगळा तलावही आहे. आयआयटी मद्रास आणि खरगपूरला टाक्या आहेत. पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय संशोधन केंद्रात बंदरांची आणि धरणांची छोटी प्रतिमाने उभारून पाणी सोडून पाहण्याची परंपरा जुनी; संस्थाच १९१६ पासूनची. तिथे आज गणिती प्रतिमानेही चालतात. प्रतिमान आणि गणित एकमेकांचे शत्रू नाहीत, हे खडकवासल्याला कोणी शिकवायला नको. मग भारताच्या नावाची एखादी पाणवाहनाची आकृती, तिचे मोजलेले आकडे आणि समुद्रातल्या वळणांच्या नोंदी जगभरच्या प्रयोगशाळांत रोजच्या वापरात का नाहीत? आपले विद्यार्थी अमेरिकी सबऑफवर पदव्या मिळवतात. आयआयटी मुंबईची मुले ‘मत्स्य’ नावाचेच पाणवाहन घेऊन अमेरिकेतल्या रोबोसब स्पर्धेत उतरली. त्यांनाही तपासणीसाठी घरचा आकडा मिळायला हवा.

गुप्ततेची सबब इथे टिकत नाही. नौदलाच्या पाणबुडीचा आकार कोणी मागत नाही. मागणी आहे ती समुद्राचे तापमान आणि खारेपणा मोजणाऱ्या नागरी वाहनाची. शिवाय छोट्या वाहनाचा मोठा फायदा असा की ते प्रतिकृती न करता आहे त्या आकारातच टाकीत घालता येते. पाणबुडीच्या प्रतिकृतीवरचा प्रवाह आणि खऱ्या पाणबुडीवरचा प्रवाह यांत जो फरक पडतो, त्याचे भांडण इथे उरतच नाही. खर्चाची सबबही लंगडी. टाकीतले काही आठवडे आणि समुद्रातल्या काही फेऱ्या यांचा खर्च ४,०७७ कोटींच्या मोहिमेत शोधूनही सापडणार नाही. खरी अडचण बहुधा कारभाराची आहे. गोव्याची संस्था एका परिषदेखाली, चेन्नईची दुसऱ्या मंत्रालयाखाली, विशाखापट्टणमची संरक्षण खात्याखाली. आकडा एकाकडे, टाकी दुसऱ्याकडे, समुद्र तिसऱ्याकडे. चुकलेले भाकीत छापायला तिघेही नाखूश.

म्हणून सुरुवात ‘माया’पासून करावी. तिच्यावरचे निबंध आधीच प्रसिद्ध आहेत, तेव्हा लपवण्यासारखे फारसे नाही. गोव्याने तिची पूर्ण आकृती कडी-अँटेनांसकट जाहीर करावी. देशातल्या महाविद्यालयांकडून वळणाची भाकिते बंद पाकिटात मागवावीत आणि जाळी कशी विणली, कोणते टर्ब्युलन्स मॉडेल घेतले हे लिहिणे सक्तीचे करावे. मग विशाखापट्टणमने तिला टाकीत तिरके ओढावे, गोव्याने दोनापावलासमोर वळवावे आणि दोन्हीकडचे आकडे पाकिटांतल्या भाकितांशेजारी छापावेत, चुकलेल्यांसकट. आणि यापुढे सरकारी पैशातून घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक पाणवाहनाच्या निविदेत एक ओळ घालावी: सीएफडीचे भाकीत चाचणीच्या आधी सादर करावे, आणि चाचणीनंतर ते बदलू नये.